पाठची

४ जानेवारी

प्रिय ताई,

वाकून नमस्कार करायला माझे गुडघे आता राजी नाहीत, तेव्हा हा उभ्यानंच घे. भावोजींचा खोकला उतरला असेल असं धरून चालते. फोन सोडून पत्र का, म्हणून घाबरू नकोस. तुझ्या कानातलं ते नवं यंत्र फोनजवळ नेलं की शिट्टी मारतं, मग तू ऐकू आल्यासारखं 'हो हो' करत राहतेस. मागच्या वेळी मी सांगितलं की आमच्या ऑफिसातला जुना शिपाई वारला, तर तू म्हणालीस, "वा, फार छान झालं." तेव्हापासून ठरवलंय, महत्त्वाचं असेल ते कागदावर.

तसं महत्त्वाचं काही नाही. महिनाअखेर मी निवृत्त होतेय, ते तुला ठाऊकच आहे. वीस तारखेला वाढदिवस, आणि तुझी भेट नेहमीसारखी उन्हाळा लागल्यावर येणार, हेही मला ठाऊक आहे. जन्मात एकदाही तू ती वेळेवर पाठवली नाहीस. गेल्या वर्षी एप्रिलच्या उन्हात शाल आली. पोस्टमननं विचारलं, "बाई, आत काय आहे?" सांगायची लाज वाटली. यंदा तरी घड्याळाला किल्ली दे. उशीर करायचा मान या घरात माझा आहे. गोगलगाय मी, तू नव्हेस.

शेवटचं काम मात्र चांगलंच पदरात पडलंय. खेड्यांतल्या आया आणि तान्ही मुलं किती दगावली याचे यंदाचे आकडे इतके चांगले आले, की वरच्यांनाच शंका आली. म्हणून काही गावं निवडायची, घरोघर जायचं, आणि आधी कुणीतरी विचारून गेलेले प्रश्न पुन्हा विचारायचे. मग नोंदवहीतलं आणि घरातलं जुळतं का बघायचं. लोक वैतागतात. एक म्हातारी म्हणाली, "परवा आली होती ती बहिरी होती का?" तुझी आठवण झाली.

फारसं जुळत नाही, ताई. एका घरी सून बाळंतपणानंतर तिसऱ्या आठवड्यात गेली. वहीत लिहिलंय 'ताप'. नवरा म्हणतो, "बाळंतपण तर चांगलं झालं होतं, ती नंतर गेली." त्याच्या लेखी दोन्हींचा संबंध नाही, आणि वही भरणाऱ्यालाही तो न लावणंच सोयीचं. एका ठिकाणी मूल जन्मून रडलं, आजीनं ते ऐकलं, पण कागदावर ते मृतच जन्मलं. जन्मलंच नाही म्हटलं की मेल्याची नोंद करावी लागत नाही. इतकी वर्षं हेच बघतेय.

आमच्या प्रश्नावलीत एक भाग बहिणींचा आहे. बाळंतपणात गेलेली बाई स्वतः सांगायला येत नाही, म्हणून तिच्या बहिणीला विचारायचं. तुमच्या आईला एकूण किती मुलं झाली? तुम्ही धरून, गेलेली धरून? नव्या पोरींना शिकवताना त्यांनी मलाच समोर बसवलं आणि सरावाला म्हणून विचारलं. मी ऐटीत सांगितलं, "दोन. ताई आणि मी." त्यातली एक पोर, वेणीचं टोक चावत बसणारी, आज्ञाधारकपणे म्हणाली, "मॅडम, दोघींत आठ वर्षांचं अंतर आहे. मध्ये कुणी झालेलं? जन्मून गेलेलं? एकदा तरी रडलेलं?" मीच शिकवलं होतं त्यांना, अंतर मोठं दिसलं की थांबा आणि विचारा. सगळ्या हसल्या. मी म्हटलं, "नाही. पण शाबास."

बाकी सगळं ठीक. एका गावात एक मुलगी भेटली, वहीप्रमाणे सात वर्षांची. हसली तर तोंडात सगळे दुधाचे दात जागच्या जागी, एकही हललेला नाही. असो, काहींना उशीर होतो. मलाही झाला होता ना? माझे दात कधी पडले ग? आई म्हणायची, शाळेत सगळ्यांचे पडून झाले तरी मी आपली तांदळासारखे दात घेऊन हसत होते. सहज आठवलं म्हणून विचारलं.

भावोजींना नमस्कार. कानाला जप.

तुझी पाठची,
गोगलगाय


१४ जानेवारी

ताई,

पत्र मिळालं असणार, कारण फोनवर तू शिपायाची चौकशी केलीस. मग मी दातांचं विचारलं तर यंत्रानं शिट्टी मारली. दुसऱ्यांदा विचारलं तर तू म्हणालीस, "दाराशी कुणीतरी आलंय." ठीक आहे. पुन्हा लिहिते.

त्या दात न पडलेल्या मुलीच्या गावी मी परत गेले. आधी उपकेंद्रात. एक खोली, एक टेबल, आढ्याला टांगलेला वजनकाटा आणि त्याला पोरं बसवायची कापडी झोळी. तिथल्या नर्सबाईंनी मुलीचं कार्ड काढून दिलं. त्यावर दर महिन्याच्या वजनाचे ठिपके असतात, ते जोडून रेघ होते. या मुलीची रेघ दहा महिने नीट वर चढली, सात किलोपर्यंत. मग मधे काही महिने मोकळे. मग एकदम चार किलोचा ठिपका. तिथून रेघ पुन्हा शहाण्यासारखी चढत गेली. साहेब लोक येऊन गेलेत, प्रत्येकानं शिक्का मारलाय. दीड वर्षाच्या तोंडावर आलेलं मूल चार किलोचं झालं आणि जगलं, यात कुणालाच काही वावगं दिसलं नाही.

मी नुसती त्या खड्ड्यावर बोट ठेवून बसले. नर्सबाईंनी दार लोटून घेतलं.

"मला दिसलं नसेल असं वाटतं का मॅडम तुम्हाला? बाई माहेरी गेली तेव्हा कडेवर बसतं मूल होतं. आली ती मान न धरणारं घेऊन. म्हणाली, आजारी होती हो, वाळली. मी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि 'आजारी' लिहिलं."

"आणि पहिली?"

"मेलेलं लिहिलं की तीन ठिकाणहून चौकशी येते. जिवंत लिहिलं की कुणी विचारत नाही. खोटं कशाला बोलू, मलाही ते बरंच वाटलं."

तिथून घरी गेले. आई विहिरीवर होती. पोरगी उंबऱ्यावर बसून पानांच्या पुड्या बांधत होती. मी नाव विचारलं, तिनं सांगितलं. वय विचारलं, म्हणाली, "सात. पण मी दोनदा आलेय."

"म्हणजे ग?"

"आधी आले होते ना, तेव्हा मला ताप आला. म्हणून परत गेले. मग आई रडली म्हणून पुन्हा आले." आणि एक पुडी माझ्या हातात ठेवून म्हणाली, "ही औषधाची. कडू नाहीये."

ताई, इतक्या घरी इतकी मरणं ऐकली, पण कधी मेलेल्यानं मला पुडी बांधून दिली नव्हती.

आई आली. मला बघून तिनं आधी पोरीला मागे ओढलं. या पोरीपायी तिनं किती बोलणी खाल्लीत ते मी त्याच दिवशी गावात ऐकलं होतं. वयाच्या मानानं वजन कमी, उंची कमी, म्हणून दर महिन्याला कुणीतरी तिला सगळ्यांसमोर झापतं. मूल उपाशी ठेवतेस का? आई आहेस की कोण? पोर खरं तर टुणटुणीत आहे, तिच्या खऱ्या वयाला अगदी बरोबर. एक वाक्य बोलली असती तर बाई सुटली असती. ती मान खाली घालून ऐकून घेते. मलाही तेवढंच म्हणाली, "माझी एकच आहे. तुम्ही एकच लिहा. पाया पडते."

मी काही न लिहिता परत आले. महिनाअखेर कागद द्यायचे आहेत आणि त्या घराची ओळ मी कोरी ठेवलीय. लिहिलं तर तिची मुलगी माझ्या हातानं मरते. नाही लिहिलं तर ती कधी जगलीच नव्हती असं होतं, आणि ही दुसरी जन्मभर कमी पडत राहते. आजवर मी असल्या ओळी एका झटक्यात लिहिल्यात. या वेळी हात उचलत नाही. का, ते तुला कळलं असेल. नसेल कळलं तर सांगते, आणि सांगायला मला फार भीती वाटतेय.

मला शाळेत घातलं तेव्हाचं आठवतं? मी बाकावर बसले की पाय लोंबायचे. पाटी धरवायची नाही. पहिल्या वर्षी दोनदा चड्डीत झाली आणि बाईंनी सगळ्यांसमोर उभं केलं. 'मठ्ठ' हा शब्द मी अक्षरांच्या आधी शिकले. चालायला उशीर, बोलायला उशीर, दात उशिरा, सगळं उशिरा. डॉक्टरची कडू बाटली दर महिन्याला. मोठी झाल्यावर गाडी रुळावर आली, पण आत कुठेतरी तो शिक्का राहिलाच. अजून मीटिंगमध्ये कुणी माझ्याआधी उत्तर दिलं की वाटतं, बघ, आपण मागेच.

मी घरातून निघाले की आई काय म्हणायची? दुकानात जायचं असो की परीक्षेला. "पुन्हा जाऊ नकोस हं, बये." मी हसायचे. जातेय तर आत्ता पहिल्यांदाच, पुन्हा कुठली? ती माझ्या हनुवटीला हात लावून तेच म्हणायची. लग्नात पाठवणीच्या वेळीही तेच म्हणाली आणि सगळ्या बायका गप्प झाल्या. मला वाटलं, माया आहे.

माझ्या बैठकीच्या भिंतीवर माझा तान्हेपणीचा एकुलता एक फोटो आहे. लोकरीचं टोपडं, वर दोन दात, बसलेली. ताई, फोटोतलं बाळ जेमतेम बसायला लागलंय आणि त्याला दोन दात आहेत. आणि आई तर सांगायची की मला दात वर्ष उलटून गेल्यावर आले. मी आठवडाभर त्या फोटोसमोरून जाताना भिंतीकडे बघत नाही.

आणि एक. तू मला जन्मात एकदाही माझ्या नावानं हाक मारली नाहीस. लग्नाच्या पत्रिकेत नाव वाचताना सुद्धा तू ते वगळून 'आमची धाकटी' म्हणालीस. मी किती मिरवायचे, की माझ्या ताईनं मला खास नाव ठेवलंय.

आता ऑफिसात कुणी नावानं हाक मारली की मी आधी मागे वळून बघते. वाटतं, दुसरी कुणीतरी 'ओ' देईल.

आई गेली. बाबा केव्हाचेच गेले. विचारायला तू एकटी उरलीस. आमच्या प्रश्नावलीत तेच तर असतं, बाई नसेल तर तिच्या बहिणीला विचारा. म्हणून विचारते. आपल्या आईला एकूण किती मुलं झाली?

उत्तर दे. यंत्राचं निमित्त सांगू नकोस.

तुझी


२० जानेवारी

गोगलगायीस अनेक आशीर्वाद.

आज तारीख बघितली असशील. आज तिचा वाढदिवस. तुझा नाही.

तीन कागद फाडून हा चौथा घेतलाय. ह्यांना सांगितलं, हिशेब लिहितेय, मधे मधे येऊ नका. आणि कानाचं म्हणशील तर यंत्र उत्तम चालतं. तू दातांचं विचारलंस ते मला दोन्ही वेळा स्वच्छ ऐकू आलं होतं.

तीन मुलं झाली. मी, ती आणि तू.

ती झाली तेव्हा मी आठ वर्षांची. नाव मीच ठेवलं. आई म्हणाली, तुझी बहीण आहे, तूच ठेव. वाटीवर चमचा वाजवला की ती दोन्ही हातांनी टाळ्या पिटायची, म्हणून मी दिवसभर वाटी वाजवायचे आणि बाबा ओरडायचे. तुझ्या भिंतीवर आहे ती तीच. फोटो काढताना रडायला लागली तर मी कॅमेऱ्यामागे उभी राहून चमचा वाजवत होते. तोंडाकडे नीट बघ, ती हसत नाहीये, आवाज ऐकतेय. तुझा फोटो काढलाच नाही कुणी. बाबा म्हणाले काढू, आई म्हणाली, आहे की एक.

दहा महिन्यांची असताना तिला छातीत कफ झाला. मी शाळेतून आले तर पाळणा उभा करून भिंतीला टेकवलेला. बाबा घरात नव्हते. शेजारची मावशी म्हणाली, बाळाला गावाला ठेवलंय. आईच्या पोटात तेव्हा तू होतीस. आई खिडकीशी बसली होती ती कितीतरी दिवस तिथून उठली नाही. माझ्याशी कुणीच काही बोललं नाही. मी आपली वाटी-चमचा दप्तरात ठेवायचे, वाटायचं, गावाहून येईल.

मग आई बाळंतपणाला गेली आणि तुला घेऊन आली. माझ्या मांडीवर ठेवलं आणि तिच्या नावानं तुला हाक मारून म्हणाली, "बघ, आली परत." मावशी म्हणाली, हो, तीच ती. बाबा चपला घालून बाहेर गेले. मी वाटी वाजवली. तू बघितलंही नाहीस. अग, तुला बघता कुठे येत होतं, इवलीशी होतीस! पण मी नऊ वर्षांची, मला काय कळतंय. मी ओरडले, "ही ती नाही." आईनं मला मारलं. जन्मात एकदाच. मग मला पोटाशी धरून इतकी रडली की मी तिला वचन दिलं, पुन्हा नाही म्हणणार.

ते पाळलं. पण तिचं नाव तुला द्यायला माझी जीभ वळली नाही. आईला दुखवायचं नव्हतं आणि त्या पोरीलाही पुसायचं नव्हतं. तू सरपटत होतीस, मागे लाळेची रेघ ठेवत. म्हणून गोगलगाय. ते नाव फक्त तुझं आहे, दुसऱ्या कुणाचं नाही. खास म्हणतेस ना, तसं आहे खरं.

शाळेचं वाचून मी उठून आत गेले. तुला घालायला निघाले तेव्हा मी आईला म्हटलं होतं, अजून लहान आहे. आई म्हणाली, "सहा पूर्ण झाली." तिच्या लेखी झालीच होती. बाई तुला मठ्ठ म्हणायच्या ते माझ्या वर्गात ऐकू यायचं, भिंत एकच होती. मी बाकाखाली मुठी आवळून बसायचे. तू मठ्ठ नव्हतीस. तू लहान होतीस. एवढं एक वाक्य तुला सांगायचं होतं, आणि मी आईची तोंड न उघडायची अट पाळत बसले. आई गेल्यावर सांगणार होते. तर तू तिच्या पायाशी बसून म्हणालीस, "मी तिची फार लाडकी होते." मग कुठल्या तोंडानं सांगू?

लाडकी तू होतीसच. पण कधी कधी ती तुझ्याकडे बघायची आणि तिसऱ्याच कुणाला शोधायची. तेवढं मला बघवायचं नाही.

तू झालीस त्या दिवशी माझा तिसरीचा निकाल होता. बाबा निकाल बघायला आले नाहीत आणि मी रुसले होते. तारीख तुला सांगायला नको. शाल आली त्या पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का बघितला असतास तर तिथेच वाचता आली असती. मी एकदाही उशीर केला नाही, गधडे.

तुझी ताई


३१ जानेवारी

प्रिय ताई,

तुझं पत्र आलं तेव्हा मी जिन्यात उभी होते. वाचून तिथेच पायरीवर बसले. वरच्या मजल्यावरच्या बाईंना वाटलं, चक्कर आली. मी त्यांना म्हटलं, "मी मठ्ठ नव्हते हो, मी लहान होते." त्या पाणी आणायला धावल्या.

राग आला का? आला. तुझा आला, आईचा आला, त्या मावशीचा तर फारच आला. दोन दिवस तुझं पत्र कपाटात कोंबून ठेवलं. मग फोटोसमोर जाऊन उभी राहिले आणि नीट बघितलं. खरंच ग, ती हसत नाहीये. कान देऊन बसलीय. मी स्वयंपाकघरातून वाटी-चमचा आणला. वाजवला. काय व्हायला हवं होतं मला, कोण जाणे. खोली तेवढी जास्तच शांत झाली.

दुसऱ्या दिवशी मी गावी गेले. नर्सबाईंनाही बरोबर घेतलं. तिथे प्रश्नावली काढलीच नाही, आपल्या आईचीच गोष्ट सांगितली. पोरीची आई उंबऱ्यावरच बसली. मग तिनं फक्त एक विचारलं, "तुम्ही लिहिलं की ती आज मरेल का?"

म्हटलं, "नाही. ती गेली त्याच दिवसावर लिहीन. आणि जन्मली तो दिवसही राहील. मधले दहा महिने तिचेच."

तेव्हा ती बोलायला लागली. पहिलीला कसली हौस होती, कशाला हसायची, कुठल्या कुशीवर झोपायची. ताप, वाहन मिळेना, वाटेतच गेली. सगळं एका दमात, जणू इतकी वर्षं दारामागे उभीच होती बोलायला. नर्सबाई भिंतीकडे तोंड करून रडत होत्या. दुरुस्ती त्यांनी स्वतःच दिली असं मी नोंदवलंय. चौकशी येईल, पण वार थोडा हलका बसेल.

पोरगी आमच्यात येऊन उभी राहिली. म्हणाली, "मग मी एकदाच आलेय?"

आईनं तिला जवळ ओढलं. "हो. तू एकदाच. आधीची तुझी ताई होती."

"मोठी?"

"मोठी."

तिला ते इतकं आवडलं, ताई! बाहेर पळाली आणि शेजारच्या पोरांना ओरडून सांगितलं, मला ताई आहे. नर्सबाईंनी नवं कार्ड काढलं, खऱ्या तारखेचं, आणि जुनी वजनं त्यावर मांडली. कुठे खड्डा नाही. बाईनं दोनदा विचारलं, "कमी नाही ना?" नर्सबाई म्हणाल्या, "काडीभरही कमी नाही."

आज ऑफिसातला शेवटचा दिवस. हार, भाषणं, साहेब माझं वय चुकीचं सांगून गेले आणि मी टाळ्या वाजवल्या. माझी तारीख मी दुरुस्त करणार नाही. जन्मभर दुसऱ्यांचे आकडे तपासणारीचा स्वतःचा आकडा चुकलेला राहील, राहू दे. तिच्या तारखेवर शाळेत गेले, नोकरीला लागले, आज निवृत्तही तिच्याच तारखेवर झाले. पुढचं सव्वा वर्ष सरकारला माहीत नाही, ते माझं.

पण एक केलं. सगळे गेल्यावर त्या वेणी चावणाऱ्या पोरीला थांबवलं आणि म्हटलं, माझी सरावाची प्रश्नावली पुन्हा भर. तिला वाटलं, परीक्षाच आहे. ताठ बसून तिनं विचारलं, "तुमच्या आईला एकूण किती मुलं झाली?"

"तीन."

"हयात किती?"

"दोन."

तिनं मागचं उत्तर खोडलं, वर बघितलं नाही. चांगली शिकलीय. मग पुढचा रकाना. "गेलेल्या मुलाचं नाव?"

मी सांगितलं. तिचं पेन थांबलं. "मॅडम, हे तर तुमचं नाव आहे."

"लिही. आधी तिचंच होतं."

तिनं लिहिलं. मी बाजूला बसून ते अक्षर अक्षर उमटताना बघत होते, आणि ताई, पहिल्यांदाच ते नाव वाचताना मागे वळून बघावंसं वाटलं नाही.

फोटो भिंतीवरच ठेवलाय. कुणी विचारलं तर सांगणार, ही माझी मधली बहीण. तू मात्र इतक्या वर्षांनी मला नावानं हाक मारायला जाऊ नकोस. आहे तेच बरं आहे. एप्रिलात ये, शाल पांघरून बसू. येताना वाटी-चमचा आण, घरात असेल अजून तर.

तिच्या पाठची,
गोगलगाय